माल्ट एक्स्ट्रॅक्टची बेगमी: घरी बिअर करणाऱ्या नवख्यांसाठी

डॅलसजवळ राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये एका दुकानात सेल लागला होता आणि मी पातळ माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या (मोड आणलेल्या जवाच्या आटवलेल्या गोड अर्काच्या) ६० पौंडांच्या दोन बादल्या उचलल्या. टेक्सासात घरांना सहसा तळघर नसतं, म्हणून त्या गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवल्या. सप्टेंबरात पहिली उघडली. मधासारखा रंग असायला हवा होता, आत होती जुनी काकवी. त्यातून केलेली फिकी एल (बिअरचाच एक प्रकार) तांबूस उतरली आणि प्रत्येक घोटानंतर जिभेवर शाईसारखी एक तुरट चव रेंगाळत राहिली. दुसरी बादलीही तशीच निघाली. १२० पौंड माल होता तो.

तेव्हापासून मी घाऊक खरेदी थांबवली नाही, पण ती करायची पद्धत पूर्ण बदलली. नव्याने बिअर करायला लागलेली मराठी मंडळी मला सारखे तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: माल किती स्वस्त मिळतोय याच्या आधी तो किती दिवसांत संपणार आहे हे ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर अवलंबून आहेत.

१. कायदा

अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली ती राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये केलेल्या सहीमुळे. अंमल १९७९ च्या फेब्रुवारीपासून. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही, एक बाटलीसुद्धा नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत (मिसिसिपी आणि अलाबामात तर २०१३ पर्यंत परवानगीच नव्हती), तेव्हा आपल्या राज्याचा नियम एकदा वाचून घ्या.

महाराष्ट्रातून हे वाचत असाल तर स्पष्ट सांगतो: तिथे परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बेकरीसाठी माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणत असाल तर साठवणुकीचा भाग तुम्हालाही उपयोगी पडेल. बिअरचा भाग मात्र जिथे कायदा मुभा देतो तिथल्यांसाठीच.

२. पातळ की कोरडं?

आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्व करतो. जवाचंही तसंच करतात: भिजवणं, मोड आणणं, भट्टीत वाळवणं. हा झाला माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुरवला की पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी निर्वात भांड्यात कमी तापमानावर आटवलं की काकवीसारखं पातळ एक्स्ट्रॅक्ट मिळतं. त्यात सुमारे ८० टक्के घनपदार्थ आणि २० टक्के पाणी असतं. हेच गरम हवेत फवारून वाळवलं की मिळते दुधाच्या पावडरीसारखी भुकटी, म्हणजे कोरडं एक्स्ट्रॅक्ट. पाकिटांवर पातळ माल ‘एलएमई’ आणि कोरडा ‘डीएमई’ असा लिहिलेला असतो.

दोघांचे शत्रू वेगळे आहेत. पातळ मालात पाणी असल्यामुळे बाटलीबंद असतानाही त्यातल्या साखरेची आणि प्रथिनांच्या तुकड्यांची प्रक्रिया चालूच राहते. भाकरी भाजताना पापुद्र्यावर डाग पडतात तीच ही प्रक्रिया, फक्त महिनोन्महिने संथपणे चालणारी. उष्णता मिळाली की ती धावायला लागते. माझ्या बादल्यांचं तेच झालं. यात रंग आणि चव तर बिघडतेच, शिवाय यीस्टला लागणारी नत्रयुक्त पोषकद्रव्यंही खर्ची पडतात. कोरड्या मालात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ही प्रक्रिया फार हळू चालते. पण तो हवेतली ओल इतक्या हावरेपणाने शोषतो, की तोंड उघडं राहिलेली पिशवी काही दिवसांत गुळाच्या ढेपेसारखी होते.

माझं मत: पहिल्यांदा घाऊक घेत असाल तर कोरडंच घ्या. ओल दूर ठेवणं घरात जमतं, उष्ण प्रदेशात गारवा टिकवणं अवघड जातं. दर आठवड्याला बिअर करत असाल, किंवा ज्याच्याकडचं पिंप महिन्याभरात रिकामं होतं असं दुकान जवळ असेल, तर पातळ माल घ्यायला हरकत नाही. ताज्या पातळ मालाची बिअर उत्तम होते, यात शंका नाही.

३. आपला खप मोजा

इथे दोन आकडे पाठ करा. एक पौंड कोरडं एक्स्ट्रॅक्ट एक गॅलन पाण्यात साधारण ४४ गुण देतं, पातळ साधारण ३६. गुण म्हणजे हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीवर) १ च्या पुढे दिसणारे आकडे, १.०५० असेल तर ५० गुण.

पाच गॅलनची नेहमीची बॅच, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (यीस्ट घालण्याआधीची घनता) १.०५०. लागणारे गुण ५० गुणिले ५, म्हणजे २५०. कोरडं घेतलं तर २५० भागिले ४४, सुमारे ५.७ पौंड. पातळ घेतलं तर सुमारे ६.९ पौंड.

आता कोरड्या मालाचं ५० पौंडांचं पोतं साडेआठ ते नऊ बॅचना पुरतं, आणि पातळ मालाची ६० पौंडांची बादलीही जवळजवळ तेवढ्याच बॅचना. महिन्याला एक बॅच करत असाल तर हा नऊ महिन्यांचा माल झाला. कोरड्यासाठी चालेल. पातळ मालासाठी नऊ महिने मला जास्त वाटतात. मी तो चार महिन्यांत संपेल एवढाच घेतो. गेल्या वर्षी खरोखर किती बॅच केल्या ते वहीत बघा, यंदा किती करायचा विचार आहे ते सोडून द्या.

खप कमी असेल तर भागीदार शोधा. आम्ही तीन घरं मिळून पोतं आणतो, दोघं महाराष्ट्र मंडळातले आणि एक शेजारी. एकाच दुपारी, एकाच टेबलावर वाटून टाकतो. पोतं एका घरी ठेवून ‘लागेल तसं घेऊन जा’ असं कधीच करू नका. दर वेळी तोंड उघडतं आणि दर वेळी ओल आत जाते.

४. घाऊक फक्त फिकाच प्रकार

दुकानात पिल्सन, फिका सोनेरी, अंबर, गडद, गव्हाचा, म्यूनिक असे बरेच प्रकार दिसतील. घाऊक घ्यायचा तो फिका सोनेरी किंवा पिल्सन. त्यातून एल होते, आणि थोडा भाजका माल्ट गरम पाण्यात मुरवून त्या अर्काने गडद पोर्टरही होते. अंबर किंवा गडद एक्स्ट्रॅक्टमध्ये उत्पादकाने आधीच कोणते भाजके माल्ट घातलेत ते तुम्हाला नेमकं कळत नाही. ५० पौंड अंबर घेतलंत की पुढच्या नऊ बॅच अंबरच्याच. गव्हाचा माल आवडत असेल तर तो छोट्या पाकिटात आणा. त्यातही निव्वळ गहू नसतो, जव मिसळलेला असतो.

आणि हे तीन फसवे डबे ओळखायला शिका:

- हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेला किटचा डबा. कडवटपणा आधीच ठरलेला असतो, मापून घालता येत नाही.
- बेकरीसाठीचं माल्ट सिरप. काहींत मक्याचं सिरप मिसळलेलं असतं. घटकांची यादी वाचा. माल्ट आणि पाणी याशिवाय काही दिसलं तर ठेवून द्या.
- ‘डायस्टॅटिक’ लिहिलेला माल. यात एन्झाइम जिवंत असतात. पावाला तो चांगला, आपल्याला नको.

विस्कॉन्सिनमधल्या चिल्टनची ब्रिस, इंग्लंडची मंटन्स, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची कूपर्स, जर्मनीतल्या बामबर्गची वायरमान ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. यातलं कोणतं चांगलं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या जिभेला ब्रँडपेक्षा ताजेपणाचा फरक जास्त कळतो.

५. भाव काढताना गुणांनी भागा

पौंडाच्या भावाची तुलना करू नका, कारण पातळ मालाच्या पाच पौंडांत एक पौंड तुम्ही पाणी विकत घेताय. समजा ६० पौंडांची पातळ बादली १५० डॉलरला आणि ५० पौंडांचं कोरडं पोतं १८० डॉलरला आहे. बादलीत २१६० गुण, पोत्यात २२००. म्हणजे १०० गुणांना बादली सुमारे ६.९५ डॉलर आणि पोतं सुमारे ८.२० डॉलर पडतं. बादली स्वस्त. पण तिचा शेवटचा पाचवा हिस्सा काळवंडला आणि फेकावा लागला, की तोच भाव ८.७० वर जातो. हा हिशेब मी दर वेळी कागदावर करतो.

घरपोच मागवत असाल तर वाहतुकीचे पैसे त्यात धरा, आणि इकडे दक्षिणेत पातळ माल फक्त ऑक्टोबर ते मार्चमध्येच मागवा. ऑगस्टमध्ये तो बंद ट्रकमध्ये दोन-तीन दिवस तापत येतो, मग तुमच्या घरी कितीही गारवा असो.

६. पैसे देण्याआधी विचारायचं

- हा माल भरल्याची तारीख कोणती? डब्यावर नुसता बॅच क्रमांक असेल तर त्याचा अर्थ सांगा.
- पिंपातून नळाने देत असाल तर हे पिंप कधी उघडलं आणि साधारण किती दिवसांत संपतं?
- गोदामात वातानुकूलन आहे का?
- पोतं फाटलेलं निघालं तर परत घ्याल का?

यावर चांगला दुकानदार वैतागत नाही. तारीख सांगता येत नाही असं उत्तर आलं तर मी छोटा डबा घेऊन बाहेर पडतो. सुटा माल घेताना चमचाभर गरम पाण्यात विरघळवून चाखायला मागा. ताज्याची चव गोड, किंचित बिस्किटासारखी लागते. जुन्याची जळक्या गुळाकडे झुकते.

७. आणून ठेवायचं साहित्य

पोतं घरी येण्याआधी हे तयार हवं: पाच किलोपर्यंतचा वजनकाटा; हायड्रोमीटर आणि त्याची उंच नळी; कोरड्या मालासाठी झिपच्या जाड पिशव्या आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम सीलर; पातळ मालासाठी रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या; लांब दांड्याचा सिलिकॉनचा उलथणा; सिलिका जेलच्या पुड्या; घट्ट फिरकीच्या झाकणाची खाद्यपदार्थांसाठीची बादली; मार्कर आणि चिकटपट्टी. याशिवाय पावती आणि पोत्यावरच्या लेबलचा फोटो. पुढे माल खराब निघाला तर हाच पुरावा.

८. कोरडा माल भरणं

कोरडा दिवस निवडा. बाहेर पाऊस असेल, स्वयंपाकघरात कुकर लागलेला असेल किंवा डिशवॉशर उघडून वाफ सुटलेली असेल, तर थांबा. एसी अर्धा तास आधी सुरू करा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर भुकटी घरभर उडते आणि जिथे बसते तिथे चिकटते.

मी ३ पौंडांच्या पिशव्या करतो. ५० पौंडांतून १६ पिशव्या होतात आणि २ पौंड उरतात, ते यीस्टच्या स्टार्टरसाठी (बॅचआधी यीस्ट वाढवायच्या छोट्या द्रावणासाठी). दोन पिशव्या म्हणजे ६ पौंड, पाच गॅलनला साधारण १.०५३. बॅचच्या दिवशी वजन करायला नको, दोन पिशव्या काढल्या की झालं.

व्हॅक्यूम सीलर वापरताना नवखे हमखास अडतात. बारीक भुकटी हवेबरोबर वर ओढली जाते, सीलच्या पट्टीवर बसते आणि सील धरत नाही. म्हणून भुकटी आधी साध्या पिशवीत भरा, तोंड सैलसर दुमडा आणि ती पिशवी उलटी करून व्हॅक्यूमच्या पिशवीत घाला. तोंड तळाशी जातं, हवा निघते, भुकटी आतच राहते. सिलिका जेल भुकटीत टाकू नका. सगळ्या पिशव्या बादलीत रचल्यावर पुड्या वरून, पिशव्यांच्या बाहेर ठेवा. प्रत्येक पिशवीवर प्रकार, वजन, भरल्याची तारीख आणि बॅच क्रमांक लिहा.

भरून झाल्यावर एक चाचणी करा. १०० ग्रॅम भुकटी गरम पाण्यात विरघळवा, एकूण एक लिटर होईल एवढं पाणी घाला आणि हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला थंड करून मोजा. १.०३७ च्या आसपास यायला हवं. १.०३३ आलं तर माल आधीच ओल प्यायलेला आहे. तो वापरता येतो, पण प्रत्येक बॅचला जास्त घ्यावा लागेल, आणि ही गोष्ट दुकानदाराला त्याच आठवड्यात सांगायला हवी.

९. पातळ माल भरणं

पातळ माल थंड असताना हलत नाही. बादली बाथटबमध्ये साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात तास-दीड तास ठेवा. पाणी झाकणाच्या बरंच खाली असू द्या. मग ओतताना तो उलथण्यावरून जाड पट्ट्यासारखा उतरतो, बरणीत घडी घालत बसतो, आणि शेवटची तार तुटायला चांगला अर्धा मिनिट लागतो. घाई करू नका. ती तार बरणीच्या कडेवर पडली की पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

आई इकडे आली होती तेव्हा मी बरण्या भरत होतो. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “काकवीच्या बरणीचं तोंड कोरडं ठेव रे. कड ओली राहिली की आधी तीच आंबते.” तिने बिअर आयुष्यात कधी केली नाही, पण सांगितलं ते अगदी नेमकं होतं. दाट एक्स्ट्रॅक्टमध्ये जंतूंना वापरता येईल एवढं पाणी नसतं, म्हणून ते टिकतं. कडेवर किंवा पृष्ठभागावर पाण्याचा थेंब पडला की तेवढ्या जागी ते पातळ होतं आणि बुरशीला तिथे आसरा मिळतो. तेव्हा प्रत्येक बरणी आधी पूर्ण वाळलेली हवी. भरल्यावर कड गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने. बाहेरूनही पुसा, टेक्सासातल्या मुंग्यांना चिकट बरणी सापडायला एक रात्र पुरते.

एका क्वार्टच्या (पाव गॅलनच्या) बरणीत सुमारे ३ पौंड मावतात, म्हणजे ६० पौंडांना वीसेक बरण्या. काठोकाठ भरा. लोणच्यावर आपण तेलाचा थर ठेवतो तो हवा लागू नये म्हणून. इथे तेल चालत नाही, बिअरचा फेस मरतो. त्याऐवजी क्लिंग फिल्मचा तुकडा थेट पृष्ठभागावर दाबून बसवा. घरी केगसाठी (बिअरच्या पिंपासाठी) कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असेल तर झाकण लावण्याआधी वरच्या जागेत तो हलकेच सोडा.

१०. कुठे ठेवायचं

गॅरेजमध्ये नाही, माळ्यावर नाही, स्टोव्हच्या वरच्या कपाटात नाही आणि वॉटर हीटरच्या खोलीत तर मुळीच नाही.

कोरड्या मालाला घराच्या मधोमध असलेलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट उत्तम. आमच्याकडे तो पाहुण्यांच्या खोलीच्या कपाटात, चादरींच्या खाली असतो. पातळ माल फ्रिजमध्ये ठेवा. सगळ्या बरण्या मावत नसतील तर ज्या शेवटी वापरायच्या त्या फ्रिजमध्ये आणि आधी लागणाऱ्या बाहेर. फ्रीझरही चालतो: घरच्या फ्रीझरमध्ये पातळ एक्स्ट्रॅक्ट दगडासारखं गोठत नाही, नुसतं फार घट्ट होतं.

फ्रिजमधून काढलेली कोणतीही बरणी किंवा पिशवी लगेच उघडू नका. बॅचच्या आदल्या रात्री बाहेर काढा. थंड मालावर हवेतल्या ओलीचं दव जमतं, आणि महिनोन्महिने केलेली काळजी तेवढ्यात वाया जाते.

११. वापरताना

आच बंद करूनच एक्स्ट्रॅक्ट घाला. पातळ माल जड असतो, तळाशी जाऊन बसतो आणि खाली आच असेल तर करपतो. पूर्ण ढवळून झाल्यावरच पुन्हा पेटवा. कोरड्याची पिशवी वाफेवर धरून हळूहळू झटकू नका, वाफेने तिच्या तोंडाशीच गोळे होतात. आधी थोड्या गार पाण्यात त्याची पेस्ट करा किंवा सगळी पिशवी एकदम उलटी करून ढवळा. गोळे झालेच तरी उकळीत विरघळतात. फिकी बिअर हवी असेल तर निम्मं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला आणि निम्मं उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घाला; रंग कमी चढतो.

स्टार्टरसाठी एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम कोरडं हे माप पुरतं. म्हणून बाजूला ठेवलेले ते २ पौंड छोट्या डब्यात हाताशी असू द्या.

१२. बिघडलेला माल

कोरड्या मालाचा दगड झाला असेल पण वास स्वच्छ असेल, तर पिशवीवर फडकं घालून हातोडीने फोडा आणि वापरा. १०० ग्रॅमची चाचणी करून गुण मोजून घ्या म्हणजे झालं.

पातळ माल गडद झालाय पण वास ठीक आहे, अशा वेळी फिकी बिअर करू नका. भाजक्या माल्टबरोबर स्टाउटमध्ये (काळ्या बिअरमध्ये) तो थोडा थोडा खपवा, एका बॅचमध्ये तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही, आणि सोबत यीस्टचं पोषक घाला. गॅरेजमधल्या त्या दुसऱ्या बादलीतला बराचसा माल मी असाच दीड वर्षात संपवला. थोडा घरच्या पावात गेला, आणि पाव खरोखर चांगले झाले.

पण झाकण फुगलेलं असेल, आंबट वास येत असेल किंवा वर बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचा थर काढून उरलेला वाचवायचा प्रयत्न करू नका. पूर्ण बरणी टाका. माल छोट्या बरण्यांत वाटलेला असला की नुकसान ६० पौंडांचं होत नाही, ३ पौंडांचं होतं.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावा: किती पिशव्या आहेत, कधी भरल्या, कोणत्या बॅचला किती गेल्या. चार पिशव्या उरल्या की पुढच्या पोत्यासाठी भागीदारांना फोन करायचा.